हंगामी अध्यक्ष कोणीही असो, त्याचे अधिकार आधी आखून द्या

२०१९च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेला पाच दिवसांत दोन हंगामी अध्यक्ष मिळाले. २६ तारखेला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी भाजपचे कालिदास कोळंबकर यांची नेमणूक केली. २७ला सकाळी आठपासून त्यांनी नव्या आमदारांना शपथ दिली. २८ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ३० तारखेला विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा मात्र खुर्चीत कोळंबकर नव्हते, राष्ट्रवादीचे दिलीप वळसे पाटील होते. हंगामी अध्यक्ष मध्येच बदलल्याबद्दल देवेंद्र फडणवीस यांनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली, भाजपने सभात्याग केला. ठरावाच्या बाजूने १६९ मते पडली, चार सदस्य तटस्थ राहिले. १ डिसेंबरला नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले आणि त्या वादावर पडदा पडला.

तो इतक्या लवकर पडायला नको होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. कोळंबकर आठव्यांदा निवडून आलेले होते. वळसे पाटील २००९ ते २०१४ अशी पाच वर्षे याच सभागृहाचे अध्यक्ष राहिलेले. दोघांपैकी कोणाच्याही अनुभवाला नाव ठेवायला जागा नव्हती. तरी एका बाजूला कोळंबकरच हवे होते आणि दुसऱ्या बाजूला वळसे पाटीलच. ज्या पदाचे काम आमदारांना शपथ देणे आणि अध्यक्षाची निवडणूक पार पाडणे एवढेच आहे, त्यासाठी इतकी ओढाताण कशाला व्हावी? राजकारण्यांना खुर्चीची हाव असते, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येईल. पण इथे कारण वेगळे आहे. त्या खुर्चीत काही तासांपुरत्या बसणाऱ्या माणसाच्या हातात नेमके काय आहे आणि काय नाही, हे आपण कुठेच स्पष्ट लिहून ठेवलेले नाही. म्हणून जो तो आपला माणूस बसवू पाहतो.

राज्यघटनेत याची तरतूद जेमतेम एका वाक्याची आहे. अनुच्छेद १८० सांगतो की अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही दोन्ही पदे रिकामी असतील तर राज्यपाल नेमतील तो सदस्य अध्यक्षपदाची कर्तव्ये पार पाडेल. लोकसभेसाठी अनुच्छेद ९५ हेच सांगतो, तिथे नेमणूक राष्ट्रपती करतात. जुन्या सभागृहाचा अध्यक्ष विधानसभा विसर्जित झाली तरी लगेच पायउतार होत नाही, नव्या सभागृहाची पहिली बैठक सुरू होण्याच्या क्षणापर्यंत तो पदावर असतो. त्या क्षणी खुर्ची रिकामी होते. सभागृह तर भरलेले, पण कोणीच शपथ घेतलेली नाही आणि शपथ घेतल्याशिवाय कोणाला मत देता येत नाही. ही अडचण सोडवायला कोणीतरी एक जण लागतो. अनुच्छेद १८८नुसार राज्यपाल त्याला इतरांना शपथ देण्याचा अधिकारही देतात. ज्येष्ठ कोण, ज्येष्ठता कशी मोजायची, या माणसाने शपथेपलीकडे काय करावे आणि काय करू नये, यातले एक अक्षरही घटनेत नाही.

घटनाकारांना ते लिहावेसे वाटले नाही, याचे कारण समजू शकते. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा पहिल्यांदा भरली तेव्हा आचार्य कृपलानी यांनी डॉ. सच्चिदानंद सिन्हा यांना तात्पुरते अध्यक्ष म्हणून आसनावर बसण्याची विनंती केली. सिन्हा पंचाहत्तरीतले, कायदेमंडळाच्या कामात १९१०पासून मुरलेले. परदेशांतून आलेले शुभसंदेश त्यांनी वाचून दाखवले, सदस्यांनी नोंदवहीत सह्या केल्या आणि ११ तारखेला डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्ष म्हणून निवडून आले. तिथे वडीलधाऱ्याला मान देण्यापलीकडे काही पणाला लागलेले नव्हते. हे चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर होते त्यांना वाटले असणार की पुढेही असेच चालेल.

आणि बराच काळ तसे चाललेही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २००९मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीचे राज्य होते आणि हंगामी अध्यक्ष होते शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख. अबू आझमी यांनी हिंदीतून शपथ घेतली म्हणून मनसेच्या आमदारांनी सभागृहातच त्यांच्यावर हात उचलला, तो ९ नोव्हेंबर २००९चा दिवस. खुर्चीत गणपतराव होते. सभागृहाने चार आमदारांना निलंबित केले, त्यावर पुष्कळ वादंग झाला, पण खुर्चीतल्या माणसाच्या हेतूवर कोणी शंका घेतल्याचे मला आठवत नाही. २०१४मध्ये भाजपचे अल्पमतातले सरकार आले, तेव्हा हंगामी अध्यक्ष म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जिवा पांडू गावित यांना नेमण्यात आले. सात वेळा निवडून आलेले, सभागृहात पक्षाचे एकटे आमदार. काँग्रेसच्या राज्यात शेकाप, भाजपच्या राज्यात माकप. सांगोल्याचा आणि सुरगाण्याचा माणूस त्या खुर्चीत बसला, त्याने आपले काम केले आणि खाली येऊन आपल्या बाकावर बसला. आपल्या विधानसभेची ही रीत अभिमानाने सांगावी अशी होती. पाच वर्षांनी ती मोडली आणि तिच्यासाठी कोणी फारसे हळहळलेही नाही, याचे मला वाईट वाटते.

ती मोडली का, हे समजून घ्यायला २०१९ची परिस्थिती नीट पाहावी लागते. २३ नोव्हेंबरला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळीच फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. भाजपचे १०५, शिवसेनेचे ५६, राष्ट्रवादीचे ५४, काँग्रेसचे ४४. सगळा खेळ राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांवर येऊन ठेपला होता. त्यांचे गटनेते कोण? अजित पवार गटनेते म्हणून निवडले गेले होते. पक्षाने त्यांना त्याच दिवशी दूर करून जयंत पाटील यांच्याकडे जबाबदारी दिली. मग पक्षादेश, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षाचा हुकूम (व्हिप), कोणाचा चालणार? ज्याचा पक्षादेश मान्य होईल त्याच्याविरुद्ध मत देणाऱ्यावर अपात्रतेची टांगती तलवार. हा निर्णय सभागृहात द्यायची वेळ आली असती तर तो कोणी दिला असता? खुर्चीत बसलेल्या हंगामी अध्यक्षाने. म्हणजे शपथ द्यायला आणलेल्या माणसाकडे सरकार कोणाचे हे ठरवण्याची चावी गेली असती. फडणवीस यांनी मतदानाआधीच राजीनामा दिल्याने ती वेळ टळली.

सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला दिलेला आदेश या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. हंगामी अध्यक्ष तातडीने नेमा, २७ला संध्याकाळी पाचपर्यंत सगळ्यांच्या शपथा उरका, त्यानंतर लगेच बहुमत चाचणी घ्या, मतदान गुप्त नको, कामकाजाचे थेट प्रक्षेपण करा. घोडेबाजाराला वेळ मिळू नये हा न्यायालयाचा हेतू रास्त होता. २००५मध्ये झारखंडच्या, २०१७मध्ये गोव्याच्या आणि २०१८मध्ये कर्नाटकच्या प्रकरणातही न्यायालयाने असाच घाईचा मार्ग धरला होता. पण या घाईची एक किंमत आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अध्यक्षाची रीतसर निवड बाजूला राहिली आणि राज्याच्या राजकारणातले सर्वांत स्फोटक मतदान, सभागृहाने निवडून न दिलेल्या माणसाच्या हाती आले. घटनेने दिलेले छोटेसे काम पाहता पाहता मोठे झाले.

त्यात नेमणुकीचा प्रश्न मिसळला की गुंता पक्का होतो. राज्यपाल ही नेमणूक करतात ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. बहुमत सिद्ध करायचे असते त्याच मंत्रिमंडळाला. परीक्षा देणाऱ्याने पर्यवेक्षक निवडावा, असा हा प्रकार. आणि मंत्रिमंडळच जागेवर नसेल, जसे २६ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्यानंतर झाले, तर उरतो राज्यपालांचा विवेक. त्याचा अनुभव आपण घेतलेला आहे.

कर्नाटकात २०१८मध्ये काय झाले ते थोडक्यात सांगतो. राज्यपाल वजुभाई वाला यांनी आठ वेळा निवडून आलेल्या काँग्रेसच्या आर. व्ही. देशपांडे यांना बाजूला ठेवून भाजपच्या के. जी. बोपय्या यांना हंगामी अध्यक्ष केले. हेच बोपय्या अध्यक्ष असताना २०१०मध्ये त्यांनी ऐन विश्वासमताच्या तोंडावर सोळा आमदार अपात्र ठरवले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी तो निर्णय रद्द केला होता. काँग्रेस आणि जनता दल न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, बोपय्या यांना हटवायचे तर त्यांची बाजू ऐकावी लागेल, मग चाचणी पुढे ढकलावी लागेल. याचिकाकर्त्यांना ते परवडणारे नव्हते. थेट प्रक्षेपणावर समाधान मानून त्यांनी माघार घेतली. येडियुरप्पा यांनी मतदान होण्याआधीच राजीनामा दिला, म्हणून बोपय्या काय करते हे कळलेच नाही. म्हणजे ज्येष्ठतेचा संकेत मोडला गेल्यावर दाद मागायला न्यायालय उघडे असले, तरी तिथेही वेळ हाच सरकारपक्षाचा वकील असतो.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि ते दोन्ही बाजूंना लागू पडते. २०१७च्या मार्चमध्ये काँग्रेस सतरा जागा घेऊन पहिली आली, भाजपला तेरा मिळाल्या, पण मनोहर पर्रीकर यांनी जुळवाजुळव करून शपथ घेतली. हंगामी अध्यक्षपदावर बसले भाजपचे सिद्धार्थ कुंकळ्येकर. ते २०१५च्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा आमदार झाले होते. त्याच सभागृहात समोरच्या बाकावर प्रतापसिंह राणे होते. १९७२पासून निवडून येणारे, अनेकदा मुख्यमंत्री राहिलेले, विधानसभेचे माजी अध्यक्ष. १६ मार्चला पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ मतांनी ठराव जिंकला. निकाल एवढा स्पष्ट होता की राणे खुर्चीत असते तरी तोच लागला असता. मग राण्यांना डावलण्याची गरज काय होती? पंचेचाळीस वर्षांचा अनुभव समोर बसवून ठेवायचा आणि दोन वर्षांचा खुर्चीत, यात सभागृहाची शोभा वाढली नाही.

आता बारा वर्षे मागे जाऊ. २००५च्या फेब्रुवारीत गोव्यात पर्रीकरांचेच सरकार डळमळले होते. विश्वासमताच्या वेळी अध्यक्ष विश्वास सतरकर यांनी अपक्ष आमदार फिलीप नेरी रॉड्रिग्ज यांना मार्शलकरवी सभागृहाबाहेर काढले आणि सरकार तरले. त्याच रात्री राज्यपाल एस. सी. जमीर यांनी ते बरखास्त करून प्रतापसिंह राणे यांना मुख्यमंत्री केले. पुढे राण्यांच्या विश्वासमताच्या वेळी खुर्चीत होते काँग्रेसचे फ्रान्सिस्को सार्दिन, हंगामी अध्यक्ष म्हणून. त्यांनी माथानी साल्ढाणा यांना अपात्रतेची याचिका प्रलंबित असल्याचे कारण देऊन मतदानापासून रोखले. मते समसमान झाली आणि सार्दिन यांनी आपले निर्णायक मत सरकारच्या पारड्यात टाकले. मार्चच्या सुरुवातीला गोव्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत अशी माझी वाचकांना विनंती आहे. एकाच सभागृहात, जेमतेम महिन्याच्या अंतराने, दोन विरोधी पक्षांच्या पीठासीनांनी अगदी एकच गोष्ट केली: नको असलेले एक मत कमी केले. त्यातला एक सभागृहाने निवडलेला अध्यक्ष होता आणि दुसरा नेमलेला. एक भाजपचा, दुसरा काँग्रेसचा. माणूस बदलून, पक्ष बदलून, नेमणुकीची तऱ्हा बदलूनही जी गोष्ट तशीच राहते ती माणसाच्या स्वभावावर ढकलता येत नाही. दोघांनाही ते करू देणारी मोकळीक हे त्याचे मूळ आहे.

म्हणूनच ‘सर्वांत ज्येष्ठ सदस्यालाच नेमा’ एवढीच मागणी मला अपुरी वाटते, जरी ती मला मान्य असली तरी. दर वेळी वाद झाला की विरोधी पक्ष हीच मागणी करतो. २०२४च्या जूनमध्ये लोकसभेत हेच झाले. काँग्रेसचे कोडिकुन्नील सुरेश आठ वेळा निवडून आलेले, भाजपचे भर्तृहरी महताब सात वेळा. नेमणूक महताब यांची झाली. सरकारचे म्हणणे असे की सुरेश १९९८ आणि २००४मध्ये पराभूत झाले होते, महताब यांच्या सात खेपा सलग आहेत. याच पक्षाचे सरकार २०१४मध्ये आले तेव्हा त्याने काँग्रेसच्या कमलनाथ यांना हंगामी अध्यक्ष केले होते, हेही नमूद करायला हवे. महाराष्ट्रात २०१९ला कोळंबकर आठव्या खेपेचे होते, तसेच काँग्रेसचे बाळासाहेब थोरातही आठव्याच खेपेचे. पण थोरात पहिल्यांदा निवडून आले १९८५ला आणि कोळंबकर १९९०ला. मग ज्येष्ठ कोण? खेपा मोजायच्या, एकूण वर्षे मोजायची, की सलग वर्षे? ज्याला जो हवा तो ज्येष्ठ ठरवता येईल इतकी मापे उपलब्ध आहेत. केंद्रात संसदीय कामकाज मंत्रालयाच्या कार्यपुस्तिकेत ज्येष्ठतेची पद्धत लिहिलेली आहे, पण मंत्रालयाची पुस्तिका म्हणजे कायदा नव्हे. ती पाळली नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.

आणि समजा, माप पक्के केले. तरी पुरेल का? जर्मनीतल्या थुरिंगिया या राज्यात २६ सप्टेंबर २०२४ रोजी जे घडले ते याचे उत्तर देते. तिथे पहिल्या बैठकीचे अध्यक्षस्थान वयाने सर्वांत मोठ्या सदस्याकडे जाते. कोणी नेमायचे नाही, कोणी निवडायचे नाही, वय बघायचे आणि बसवायचे. त्या दिवशी तो मान ‘एएफडी’ या कडव्या उजव्या पक्षाच्या युर्गेन ट्रॉयटलर यांच्याकडे आला. बाकीच्या पक्षांना अध्यक्षाच्या निवडणुकीआधी नियमात बदल सुचवायचा होता. ट्रॉयटलर यांनी तो प्रस्ताव मतालाच टाकला नाही. तासन्‌तास गोंधळ, पुन्हा पुन्हा तहकुबी. अखेर प्रकरण राज्याच्या घटनात्मक न्यायालयात गेले, न्यायालयाने ट्रॉयटलर यांना त्यांच्या मर्यादा सांगितल्या आणि २८ तारखेला अध्यक्षाची निवड झाली. नेमणुकीत कोणाचाही हात नव्हता, तरी अडवणूक झालीच. आपल्याकडे विद्वान मंडळी परदेशी पद्धतींचे दाखले देतात तेव्हा ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या सदस्याचे किंवा अमेरिकेतल्या सभागृह सचिवाचे नाव घेतात. अमेरिकेत २०२३च्या जानेवारीत अध्यक्ष निवडायला मतदानाच्या पंधरा फेऱ्या लागल्या, तेवढा वेळ सभागृह सचिवानेच सांभाळले आणि चांगले सांभाळले. पण आपल्या घटनेला त्या जागी सदस्यच हवा आहे, त्यामुळे तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे.

उलट बाजूचे, आणि मला सर्वांत आश्वासक वाटणारे उदाहरण आपल्याच विधानसभेत घडले आहे. ३ जुलै २०२२. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होऊन तीन दिवस झालेले. अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१मध्ये पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून रिकामे, त्यामुळे खुर्चीत उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ. झिरवाळ राष्ट्रवादीचे, म्हणजे महाविकास आघाडीचे. शिंदे गटाच्या सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा त्यांनीच काढलेल्या आणि त्यांना पदावरून दूर करण्याची नोटीस त्या गटाने दिलेली. वैर म्हणावे इतका ताण. अध्यक्षपदासाठी एका बाजूला राहुल नार्वेकर, दुसऱ्या बाजूला राजन साळवी. २०२१च्या डिसेंबरात नियम बदलून ही निवडणूक गुप्त मतदानाऐवजी उघड केली होती. शिरगणती झाली. एकेक आमदार उभा राहिला आणि आपल्या तोंडाने आपले मत नोंदवत गेला. राज्यभर लोक दूरचित्रवाणीवर ते पाहत होते. नार्वेकरांना १६४, साळवींना १०७. झिरवाळांनी निकाल जाहीर केला आणि नार्वेकरांना खुर्ची रिकामी करून दिली.

झिरवाळ यांच्या मनात त्या दिवशी काय होते, हे मला ठाऊक नाही आणि त्याने काही फरक पडत नाही, हाच माझा मुद्दा आहे. त्यांना कोणाचे मत बाद करायला जागाच नव्हती. प्रत्येक मत उभे राहून, बोलून, कॅमेऱ्यासमोर दिले गेले. पद्धत इतकी उघडी असली की खुर्चीत कोणत्या पक्षाचा माणूस आहे याला अर्थ उरत नाही. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, नव्या अध्यक्षांसमोर विश्वासदर्शक ठराव आला आणि १६४ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झाला. आदल्या दिवसाचाच आकडा.

यातून एक साधी गोष्ट हाती लागते. अध्यक्षाची निवडणूक उघड मतदानाने होत असेल तर तीच बहुमताची पहिली चाचणी ठरते. मग विश्वासदर्शक ठराव हंगामी अध्यक्षासमोर घेण्याचे कारणच उरत नाही. २०१९मध्ये अध्यक्षाची निवडणूक गुप्त मतदानाने होत असे, त्यात फाटाफूट होण्याची भीती होती, हे खरे. महाराष्ट्रात ती भीती आता नाही. शपथा संपल्या की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अध्यक्ष निवडा आणि त्याच्यापुढे ठराव मांडा. न्यायालयालाही जास्तीत जास्त चोवीस तास अधिक द्यावे लागतील.

निवडून आलेला अध्यक्ष नि:पक्ष असतोच असे माझे म्हणणे नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी गावितांच्या हातून खुर्ची हरिभाऊ बागडे यांच्याकडे गेली आणि त्यांनी अल्पमतातल्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर करून घेतला. विरोधक मतविभागणी मागत राहिले. सरकारच्या बाजूने नेमके किती आमदार होते, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळले नाही. आपण मतदार म्हणून ज्यांना निवडून पाठवले त्यांनी कोणत्या बाजूने मत दिले, हे जाणून घेण्याचा आपला हक्क त्या गलक्यात हरवला. म्हणून विश्वासदर्शक ठरावावर आवाजी मतदान नाही, नावे घेऊन किंवा शिरगणतीनेच मतदान, हा नियम कायमच्या अध्यक्षालाही लागू व्हावा.

हंगामी अध्यक्षासाठी मात्र याहून कडक कुंपण हवे. त्याच्यासमोर दोनच विषय यावेत, शपथ आणि अध्यक्षाची निवड. न्यायालयाच्या आदेशाने किंवा अन्य असाधारण कारणाने तिसरा विषय त्याच्यापुढे आलाच, तर मतदान शिरगणतीने व्हावे. शपथ घेतलेल्या कोणत्याही सदस्याला मतापासून रोखण्याचा, बाहेर काढण्याचा किंवा निलंबनाचा ठराव मांडू देण्याचा अधिकार त्याला नसावा. गोंधळ झाला तर थोड्या वेळापुरती तहकुबी, दिवसभरासाठी नाही. घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखालच्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, अपात्रता याचिकांना त्याने हात लावू नये. पक्षादेश कोणाचा खरा यावर निर्णय देऊ नये, दोन्ही पक्षादेश नोंदवून घ्यावेत आणि वाद कायम अध्यक्षाकडे सोपवावा. समसमान मते पडली तर त्याचे निर्णायक मत घटनेच्या अनुच्छेद १८९ने दिलेले आहे, ते नियमाने काढून घेता येणार नाही. पण विश्वासाचा ठराव त्याच्यापुढे आलाच नाही तर ते वापरण्याची वेळही येणार नाही.

हे करायला घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २०८ने सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. हंगामी अध्यक्षाने ठरवून दिलेल्या विषयापुरतेच काम करावे, असे न्यायालयाने दर वेळी आदेशात सांगितले आहे. जी गोष्ट दर वेळी वकील लावून, रविवारी न्यायालय उघडायला लावून मिळवावी लागते, ती नियमावलीत एकदा लिहून टाकली तर काय बिघडेल? नेमणुकीचा अधिकार राज्यपालांचा आहे आणि तो नियमाने हिरावता येणार नाही, हे मान्य. पण ज्येष्ठतेचे माप सभागृहाला ठरवता येते. माझी पसंती एकूण सदस्यत्वाच्या वर्षांना आहे, सलग नसली तरी. कारण मध्ये एकदा हरलेल्या माणसाचा अनुभव पुसला जात नाही. त्या मापाने विधिमंडळ सचिवालयाने निकाल लागताच यादी जाहीर करावी. ती सध्यासारखी राजभवनाकडे जाणाऱ्या पाकिटात न राहता संकेतस्थळावर दिसावी. पहिल्या क्रमांकाने नकार दिला किंवा त्याची प्रकृती ठीक नसली तर दुसरा, मग तिसरा. राज्यपालांनी यादीबाहेर जायचे ठरवले तर निदान लोकांना ते दिसेल.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कोणी म्हणेल, काही तासांच्या पदासाठी एवढा खटाटोप कशाला? याला उत्तर म्हणून चंडीगडच्या महापौर निवडणुकीकडे बोट दाखवावे लागते. ती विधानसभा नाही, महापालिका आहे, पण खुर्ची तशीच होती, एका सकाळपुरती. ३० जानेवारी २०२४ रोजी नामनियुक्त नगरसेवक अनिल मसीह पीठासीन अधिकारी होते. एका बाजूला आप आणि काँग्रेसची मिळून वीस मते, दुसऱ्या बाजूला भाजपची सोळा. मसीह यांनी आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि सोळावाला जिंकला. टेबलावर वाकून पेनाने मतपत्रिकांवर खुणा करतानाचे त्यांचे चित्रीकरण देशाने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारीला त्या आठही मतपत्रिका वैध ठरवून निकाल फिरवला. कॅमेरा तिथे नसता तर? काही मिनिटे पुरेशी होती.

तात्पुरत्या व्यवस्थेची सवय लागली की ती किती महाग पडते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. अध्यक्षपद सतरा महिने रिकामे राहिले. त्या काळात, ५ जुलै २०२१ला, तालिका अध्यक्ष (अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या गैरहजेरीत कामकाज चालवणारे सदस्य) भास्कर जाधव खुर्चीत असताना भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन रद्द केले, पण तोवर बारा मतदारसंघांचा आवाज सभागृहात नव्हता. विधान परिषदेचे सभापतिपद जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ असे जवळजवळ अडीच वर्षे रिकामे होते. सतराव्या लोकसभेने पाच वर्षे उपाध्यक्षाविना काढली. हंगामी शब्द कागदावर राहिला आणि हंगाम लांबत गेला. म्हणून हंगामी अध्यक्षाच्या नियमात शेवटचे कलम मुदतीचे असावे. शपथविधी संपल्यापासून इतक्या दिवसांत अध्यक्षाची निवड झालीच पाहिजे, तारीख राज्यपालांनी दिली नाही तर अमुक दिवशी ती आपोआप कार्यक्रमपत्रिकेवर येईल.

हे सगळे करायला योग्य वेळ असते ती कोणाचेच काही अडलेले नसते तेव्हा. महाराष्ट्रात २०२४च्या डिसेंबरात कोळंबकर पुन्हा हंगामी अध्यक्ष झाले, यावेळी नवव्या खेपेचे आमदार म्हणून. विरोधकांनी पहिल्या दिवशी शपथेवर बहिष्कार टाकला तो मतदान यंत्रांच्या मुद्द्यावर, खुर्चीतल्या माणसाबद्दल तक्रार नव्हती. ९ तारखेला नार्वेकर बिनविरोध निवडून आले. बहुमत इतके मोठे होते की हंगामी अध्यक्ष कोण हा प्रश्नच उठला नाही. नियम समितीला हे काम हातात घ्यायला २०२९पर्यंत निवांत वेळ आहे, आणि आजच्या सत्ताधाऱ्यांना त्यात गमावण्यासारखे काही नाही. गोव्यात तेवढी सवड नाही. तिथल्या २०२२मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२७मध्ये संपते. चाळीस जणांच्या त्या सभागृहात एका मताने काय होते ते २००५ने दाखवले आहे. पणजीने हा ठराव आधी करावा आणि मुंबईने तो समोर ठेवून आपला मसुदा करावा. मांडणारा सत्ताधारी बाकावरचा असो की विरोधी, मतमोजणीच्या दिवसाआधी तो मंजूर झालेला हवा.